लिहिलेलं वाजवून हौस मरते?

‘ऑर्केस्ट्रातला वादक कागदावरचं वाजवतो, चार वर्षांत त्याची हौस मरते,’ असं कुडाळ-सावंतवाडीकडे अजून ऐकू येतं. समज अर्धवट आहे. कागदावर सूर आणि ताल असतो. श्वास, दाब, शेजारच्याच्या स्वराशी जुळणं नसतं. ते दर प्रयोगात नव्याने शोधावं लागतं.

आमच्या दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, तर परंपरेने लिखित संहिताच नाही. संवाद नट जागेवर रचतात आणि पेटी-पखवाज-झांजवाले त्यांच्या तोंडाकडे बघत रात्र काढतात. संकासुर हा राक्षस दर जत्रेत तोच, पण पखवाजावरचा हात पेंगला की गावाला लगेच कळतं!

हौस खरी मारतात ती जागरणं आणि तुटपुंजी बिदागी. पावसात जत्रा बंद झाल्या की हेच वादक वाडीतल्या भजनाला बसतात, बिदागीविना, मनासारखं वाजवायला.