मोबाइलवरून संगणक: आधी तार, मग बोट, मग पत्ता

संगणक टेबलावर राहिलेला, आपण भलतीकडे, आणि हवी ती फाइल नेमकी त्याच्यातच. फोन काढायचा, ॲप उघडायचं, अख्खा डेस्कटॉप तळहातावर. ही स्मार्टफोनची करामत वाटते खरी, पण लांब बसून संगणक चालवण्याची कल्पना संगणकाच्या पडद्यापेक्षाही जुनी आहे.

११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची सभा होती. बेल लॅब्जच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तिथे नुसता टेलिप्रिंटर मांडला. टेलिफोनच्या रिलेंपासून, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांपासून, बनवलेलं त्यांचं गणकयंत्र होतं न्यूयॉर्कमध्ये. इकडे गणित टाइप केलं की तारेवरून तिकडे जायचं आणि उत्तर इकडच्या कागदावर छापून यायचं.

मग २९ ऑक्टोबर १९६९ची रात्र. इंटरनेटच्या पूर्वजाचा, आर्पानेटचा, पहिला निरोप म्हणून हा किस्सा सगळे सांगतात, पण तो निरोप नव्हताच. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकावर लॉगिन करू पाहत होता. ‘एल’ पोचला, ‘ओ’ पोचला, तिसऱ्या अक्षराला पलीकडची यंत्रणा कोसळली. तासाभराने जमलं. म्हणजे नेटवर्कला सांगितलेलं पहिलं काम गप्पांचं नव्हतं, दूरचा संगणक उघडण्याचं होतं.

त्याच वर्षी टेलनेट आलं: दूरच्या संगणकावर शिरून टाइप करून आज्ञा द्यायची सोय. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा तारेवरून जायचा आणि वाटेत कुणीही वाचू शकायचं. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात अशीच पासवर्डची चोरी झाली, आणि तिथल्याच टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं: काम टेलनेटचंच, पण सगळा मजकूर कुलूपबंद करून. सर्व्हर सांभाळणारी मंडळी आजही फोनवरून शिरतात ती याच वाटेने.

अक्षरं पाठवणं सोपं, अख्खा पडदा पाठवणं अवघड. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी कंपनीच्या प्रयोगशाळेने त्यावर साधा तोडगा काढला: पडद्यावर जेवढा चौकोन बदलला तेवढाच पाठवायचा, आणि उलट दिशेने फक्त माउसची जागा आणि दाबलेली बटणं. हे व्हीएनसी. १९९८पासून ते फुकट, सोर्स कोडसकट मिळू लागलं आणि दिसेल त्या यंत्रावर पोचलं. (त्या गटातल्या क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांचा आधीचा उद्योगही याच जातीचा: कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावून कॉफी उरली आहे का हे जागेवरूनच बघायचं.) याच कामासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या आरडीपीची रीत वेगळी. ‘इथे खिडकी काढ, इथे ही अक्षरं लिही’ अशा आज्ञा ते पाठवतं. २००१च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमुळे ते टेबलाटेबलावर आलं.

फोनवर हे सगळं वाटतं त्याहून आधी पोचलं होतं. १९९६च्या नोकिया ९००० कम्युनिकेटरमध्ये टेलनेट होतं. पण जीएसएमवर, म्हणजे तेव्हाच्या मोबाइल नेटवर्कवर, डेटाचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. १०२४ बाय ७६८चा एक पडदा १६ बिट रंगांत, न आवळता पाठवायचा म्हटलं तर बाविसेक मिनिटं. हातातल्या पाम यंत्रांसाठीही व्हीएनसी निघालं, पण पामचा पडदा १६० बाय १६०. तसे तीसहून जास्त पडदे एकत्र लावले तेव्हा कुठे एक डेस्कटॉप व्हायचा. भोकातून हत्ती बघण्याचा प्रकार.

२००७मध्ये आयफोन आणि पुढच्या वर्षी ॲप स्टोअर आल्यावर वेग आणि पडदा मार्गी लागले, आणि बोट आडवं आलं. खिडकी बंद करायची फुली माउसच्या टोकासाठी बेतलेली. बोट ठेवलं की फुली झाकली जाते आणि भलतंच बटण दबतं. उजवी क्लिक कुठून आणायची? नुसताच बाण वर नेऊन ठेवायचा तर कसा? म्हणून बऱ्याच ॲपांनी फोनच्या काचेलाच टचपॅड केलं: बोट कुठेही फिरवा, बाण आपला वेगळा सरकतो. कीबोर्डच्या डोक्यावर कंट्रोल, आल्ट, टॅबची जास्तीची पट्टी आली. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला खरा कल्पक भाग हाच, आणि त्याचं श्रेय कुणी फारसं देत नाही.

दुसरी अडचण पत्त्याची. इंटरनेटचे पत्ते तोकडे पडल्यामुळे घराघरातले संगणक राउटरमागे खासगी पत्त्यावर राहतात. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत यायला दार नाही. फोनचंही मोबाइल नेटवर्कवर बहुधा तसंच. आधी लोक राउटरमध्ये हाताने पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची ठरावीक नंबरची वाट, उघडायचे. मग २००५मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या टीमव्ह्यूअरसारख्यांनी मधला सर्व्हर घातला. फोन आणि संगणक दोघांनीही त्याला आतून हाक मारायची, त्याने गाठ घालून द्यायची. वापरणाऱ्याला दिसतो फक्त एक नंबर आणि पासवर्ड. क्रोम रिमोट डेस्कटॉपही याच वळणाचं; ते २०११मध्ये ब्राउझरसाठी आलं आणि २०१४मध्ये अँड्रॉइडवर.

ही सोय चोरांच्याही पथ्यावर पडली. ‘तेवढा नंबर सांगा’ म्हणणारा फोन येतो आणि माणूस स्वतःच दार उघडून देतो. उघडी ठेवलेली पोर्टंही चोरांना आत यायची वाट. २०१९मध्ये आरडीपीत ‘ब्लूकीप’ नावाचं भगदाड सापडलं तेव्हा मायक्रोसॉफ्टला पाच वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली.

वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलं की जोडणी तुटायची, ती कटकट २०१२मध्ये एमआयटीतून आलेल्या मॉश या प्रोग्रॅमने टर्मिनलपुरती, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या कामापुरती, संपवली. एक मात्र अजून राहिलीच आहे: संगणक जागा हवा. झोपलेल्याला उठवायला वेक-ऑन-लॅनचं ‘जादूचं पाकीट’ १९९०च्या दशकापासून आहे. ते जेमतेम १०२ बाइटचं: सहा ठरावीक बाइट आणि पुढे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा. पण ही हाक घरच्या नेटवर्कमध्येच द्यावी लागते, बाहेरून आलेली राउटर सहसा आत सोडत नाही. मग एका संगणकाला उठवण्यासाठी घरात दुसरं एखादं छोटं यंत्र रात्रंदिवस जागं ठेवायचं, नाहीतर निघताना स्लीप बंद करून जायचं.