मेंदूमृत्यूचं निदान: कायदा आला, हात बसायचाय

मुंबई-आग्रा महामार्गावर बिनहेल्मेटचा दुचाकीस्वार पडतो, नाशिकच्या आयसीयूत येतो आणि दोन दिवसांनी डॉक्टर सांगतात, "ब्रेन डेड आहे." म्हणजे मेंदू कायमचा बंद, श्वास यंत्रावर, हृदय अजून चालू. बाहेर बाकड्यावर बसलेल्या मामांचा प्रश्न ठरलेला: "अंग गरम आहे, छाती हलतेय, मग गेला कसा?"

हा प्रश्न व्हेंटिलेटर येण्याआधी नव्हताच. १९५२ च्या पोलिओ साथीत कोपनहेगनला वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबत रुग्णांचा श्वास चालू ठेवला. आयसीयूचा पाया तिथे पडला. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गुलाँ यांनी कोमाच्याही पलीकडे गेलेले २३ रुग्ण नोंदवले. मेंदूमृत्यू ठरवायचे हार्वर्डच्या समितीचे निकष ऑगस्ट १९६८ चे. त्याआधीच, फेब्रुवारीत, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केलं होतं. मेंदूमृत्यू मानणाऱ्या अवयवदानाच्या कायद्याला मात्र १९९४ उजाडलं. महाराष्ट्रात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू आहे.

कायद्याची अट: चार डॉक्टरांच्या सह्या, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. कागदावर सोपं. खाटेपाशी मेंदूची काही प्रतिक्रिया येते का ते बघायला बुबुळाला कापसाचं टोक लावायचं, कानात बर्फाचं पाणी सोडायचं आणि शेवटी अ‍ॅप्निया टेस्ट: व्हेंटिलेटर काढून, नळीतून नुसता ऑक्सिजन देत आठ-दहा मिनिटं छातीकडे टक लावून बघायचं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिमी (पारा) च्या वर जाऊनही श्वास उमटला नाही, तर निदान पक्कं.

माझ्या मते खरी परीक्षा त्याआधीच असते. झोपेची औषधं उतरलीत का, शरीर थंड पडलंय का, कारण नक्की कळलंय का? पेठ-सुरगाण्याकडे जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावतो. पापण्या मिटलेल्या, बाहुल्या मोठ्या, श्वास बंद. हुबेहूब मेंदूमृत दिसतो, आणि आतून कदाचित सगळं ऐकत असतो! व्हेंटिलेटरवर सांभाळला तर काही दिवसांत उठून बसतो.

न्यूरोलॉजिस्ट सगळीकडे मिळत नाहीत, म्हणून २०११ च्या दुरुस्तीने भूलतज्ज्ञ आणि आयसीयूच्या डॉक्टरांनाही पॅनेलवर घेतलं. पण हे सगळं अवयवदानाच्या कायद्यात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मेंदूमृत्यूचा शब्दही नव्हता. त्यामुळे मामांनी दानाला नाही म्हटलं की बऱ्याचदा दुसरी तपासणी होतच नाही. हृदय आपणहून थांबेपर्यंत व्हेंटिलेटर चालू राहतो, आणि कॅश काउंटरवरचं बिलही.