कुजणाऱ्या पिशवीची शंभर वर्षं

जळगाव-भुसावळकडे शेवभाजी पार्सल घेतली की हल्ली कधी कधी दुधाळ रंगाची, हाताला मऊ लागणारी पिशवी मिळते. साध्या पन्नीसारखी ती कुरकुरत नाही, ताणली की लांबत जाते आणि तिच्यावर हिरव्या अक्षरांत ‘कम्पोस्टेबल’ छापलेलं असतं. मातीत टाकली की हिचं खत होतं, असं दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाईकही मान डोलावतं. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर मागे जावं लागतं.

प्लॅस्टिकची सुरुवात शेतातूनच झाली. अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी 1870 च्या सुमारास सेल्युलॉइड बाजारात आणलं. त्याचा कच्चा माल कापसाचा, म्हणजे खानदेशच्या जिनिंगमध्ये रोज उडतो त्या तंतूतला सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया आणि जोडीला कापूर. पुढे 1908 मध्ये स्वित्झर्लंडच्या जाक ब्रांडेनबर्गर यांनी लाकडाच्या लगद्यापासून सेलोफेन केलं. वेष्टनाचा हा पहिला पारदर्शक कागद, आणि वर लेप नसेल तर तो मातीत कुजतोही. मग 1933 मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत पॉलिथीन, म्हणजे साध्या पन्नीचं प्लॅस्टिक, हाती लागलं, 1965 मध्ये स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीने बंदांच्या पिशवीचं पेटंट घेतलं, आणि स्वस्ताईपुढे कुजण्याचा विचार मागे पडला. आपल्याकडे सातपुड्यातल्या पळसाची काडीने टाचलेली पत्रावळ लग्नाच्या पंगतीतून उठली, ती याच लाटेत. भरिताच्या पार्टीत केळीचं पान टिकून आहे, एवढाच काय तो दिलासा.

गंमत म्हणजे कुजणारं प्लॅस्टिक तेव्हाही माहीत होतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरिस लेमॉन्य यांना 1926 मध्ये एका जीवाणूच्या पोटात पीएचबी नावाचा पदार्थ सापडला. आपलं शरीर चरबी साठवतं तसा हा जीवाणू तो साठवतो आणि उपासमारीत खातो. ज्याला जीवाणू खातात ते प्लॅस्टिक कुजणारच. पण पुढची काही दशकं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1973 च्या तेलसंकटाने खनिज तेल महागलं तेव्हा त्याच आयसीआयने हा धागा पुन्हा उचलला. 1990 मध्ये जर्मनीत शाम्पूची बाटली त्यापासून बनली. किंमत मात्र साध्या प्लॅस्टिकच्या कितीतरी पट, त्यामुळे धंदा टिकला नाही.

दुसरा धागा मक्याचा. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोथर्स यांनी 1932 मध्ये लॅक्टिक आम्लापासून पीएलए नावाचं प्लॅस्टिक तयार करून पाहिलं होतं, पण ते कमकुवत निघालं. त्याच कुळातल्या पदार्थांना पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते दवाखान्यात: 1970 च्या दशकात आलेले, शरीरातच विरघळून जाणारे टाके. वेष्टनासाठी पीएलए स्वस्त करण्याचं काम अमेरिकेच्या कारगिल कंपनीने केलं आणि 2002 च्या सुमारास नेब्रास्कात मोठा कारखाना उभा राहिला. मक्याचा स्टार्च, स्टार्चची साखर, साखर आंबवून लॅक्टिक आम्ल आणि त्यातून प्लॅस्टिक, अशी ही साखळी. तिच्या पहिल्या दोन कड्या खानदेशाला परक्या नाहीत. धुळे जिल्ह्यात मका पिकतो आणि दोंडाईच्यात स्टार्चचा कारखाना आहे.

शेवभाजीची ती मऊ पिशवी मात्र निव्वळ मक्याची नसते. तिच्यात बहुधा पीबीएटी हा खनिज तेलापासूनच बनणारा, पण कुजणारा पदार्थ असतो आणि जोडीला स्टार्च किंवा पीएलए. उलट उसापासून केलेलं पॉलिथीन अजिबात कुजत नाही. कुठून आलं आणि कुठे जाणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाहिराती ते मुद्दाम एक करतात, आणि ही फसवणूक मला सर्वांत जास्त टोचते.

‘कम्पोस्टेबल’ ठरवणारी चाचणी काय म्हणते? प्रयोगशाळेत सुमारे 58 अंश तापमान, ओलावा आणि जिवंत कम्पोस्ट असताना सहा महिन्यांत 90 टक्के कार्बन वायुरूपात गेला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, म्हणून इथे काहीही कुजेल असं लोकांना वाटतं. पण आपलं ऊन कोरडं. केळीच्या बांधावर पडलेली घडाची जुनी पिशवी उचलून बघा, बोटांत चुरा होतो. ते कुजणं नव्हे. उन्हाने केलेले तुकडे आहेत आणि ते मातीतच राहतात. ‘ऑक्सो’ नावाने विकलं गेलेलं प्लॅस्टिक नेमकं हेच करायचं: धातूंचे क्षार मिसळायचे, म्हणजे ते लवकर फुटतं. युरोपीय संघाने 2021 पासून त्यावर बंदी घातली.

आपल्या कायद्याने दीर्घकाळ जाडी मोजली. कॅरीबॅगला 1999 मध्ये किमान 20 मायक्रॉन, 2011 मध्ये 40, 2016 मध्ये 50, सप्टेंबर 2021 पासून 75 आणि 2022 च्या अखेरीस 120. कुजणाऱ्या पिशवीला जाडीची अट नव्हती, आयएस/आयएसओ 17088 या कम्पोस्टेबल प्लॅस्टिकच्या मानकाची होती. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली तेव्हा कम्पोस्टेबल पिशव्यांना सूट दिली ती रोपवाटिका, शेती आणि कचरा हाताळणीसाठी. दुकानातल्या पार्सलसाठी नव्हे. 2022 च्या अखेरीस राज्याने प्रमाणपत्र असलेल्या ताटल्या, डबे, स्ट्रॉ यांना वाट मोकळी केली. आणि मार्च 2024 मध्ये केंद्राने व्याख्येतच लिहिलं, की ‘बायोडिग्रेडेबल’ प्लॅस्टिकने (कम्पोस्टेबल त्यात धरलेलं नाही) मागे सूक्ष्म कण ठेवता कामा नयेत. हे खूप आधी व्हायला हवं होतं.

खानदेशात या पिशवीची आणखी एक अडचण आहे. जळगावच्या एमआयडीसीतले चटईचे अनेक कारखाने भंगारातून आलेल्या प्लॅस्टिकच्या दाण्यांवर चालतात. कम्पोस्टेबल पिशवी सुक्या कचऱ्यातून तिकडे गेली तर दाणा बिघडतो, धागा तुटतो. ओल्या कचऱ्यात गेली तर तिला तापणारा, पलटवला जाणारा मोठा ढीग लागतो. परसातल्या खड्ड्यात ती दीर्घकाळ तशीच राहू शकते. म्हणून पिशवी घेताना ‘इको’, ‘बायो’ या शब्दांवर न जाता मानकाचा उल्लेख आणि उत्पादकाचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक शोधावा. आणि दुकानदारांनी त्या वेगळ्या गोळा करून नगरपालिकेच्या खत प्रकल्पाकडेच पाठवाव्यात.