केकी मूस आणि 'प्रसिद्धीपराङ्मुख' हा शब्द

फोटोग्राफर केकी मूस यांचं चाळीसगाव स्टेशनजवळचं घर खान्देशात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे जास्त ओळख वगैरे करून देत नाही. त्यांच्यावर काहीही लिहायला घेतलं की पहिल्या दोन ओळींत एक शब्द येतोच, प्रसिद्धीपराङ्मुख. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. घराबाहेर न पडणं, कलेचा बाजार न मांडणं आणि नाव नको असणं.

पहिली खरी आहे. १९३८ च्या सुमारास इंग्लंडहून शिकून आले आणि १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेले, मधली जवळपास पन्नास वर्षं त्या घरातच. दुसरीही खरी. पण तिसरी? ज्या माणसाचे फोटो देशातल्या आणि परदेशातल्या स्पर्धांना जात होते आणि ज्याला तीनशेच्या आसपास बक्षिसं मिळाली त्याला नाव नको होतं असं कसं म्हणायचं? प्रिंट काढायची, नीट पॅक करायची, पोस्टाने पाठवायची, हे सगळं कोणी लपून राहायला करत नाही. जाणकारांनी बघावं असं त्यांना वाटत होतंच, फक्त गिऱ्हाईक नको होतं. हा फरक कोणी सांगतच नाही.

आणि त्यांचा डिप्लोमा होता कमर्शियल आर्टचा, शेफील्डचा! म्हणजे पोस्टर, लेबल, जाहिरात, माल उठून कसा दिसेल ते सगळं रीतसर शिकलेले. मला तर वाटतं त्यांचा नकार इतका पक्का होता तो यामुळेच, जाहिरात कशी बनते ते आतून माहीत होतं. वस्तू उजेडात उठून दाखवायची तीच हातोटी त्यांनी टेबलटॉप फोटोंना लावली. टेबलावर वाळू, कापूस, वाळक्या काड्या अशा साध्या वस्तू मांडायच्या, एका बाजूने दिव्याचा उजेड पाडायचा, आणि फोटोत अख्खं रान उभं राहतं. आमच्या आजोबांना असा एक छापलेला फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "हाऊ कोठला डोंगर शे?" टेबल आहे म्हटल्यावर बराच वेळ कागद हातातून सोडला नाही.

नावाच्या मागे न लागलेलं माणूस खान्देशात आधीही झालंय. असोद्याच्या माउलीच्या, बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या, ती गेली १९५१ ला आणि पुस्तक आलं १९५२ ला. पण तिथे लोकांपुढे ओव्याच आल्या.

इथे आता उलटं चाललंय. मोबाइलवर मूस यांच्या नावाने जे फिरतं त्यात एक प्रेयसी, पंजाब मेल आणि ती त्या गाडीने येईल म्हणून रोज रात्री दार उघडून वाट बघणारा म्हातारा. मामेभावाने भुसावळहून पाठवलेल्या रीलमध्ये दीड मिनिट नुसती गाडी आणि रडकं म्युझिक, फोटो एकही नाही. गोष्ट खरी असेल नसेल, पण ती त्यांची खाजगी होती. ज्याने कलेची जाहिरात होऊ दिली नाही त्याच्या दुःखाची जाहिरात आपण करतोय, आणि तीही पंचवीस-तीस वर्षांत इतकी रुळली की घर बघायला येणारा आधी विचारतो दार कुठलं, टेबलटॉप कुठे लावलेत हे नंतर, वेळ उरला तर.