कारखाना समोर, प्रोजेक्ट लॅमिंग्टन रोडवर

एप्रिल उजाडला की वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानांत काळ्या रेक्झिनच्या जाडजूड प्रतींचे गठ्ठे दिसू लागतात. वर सोनेरी अक्षरांत प्रोजेक्टचं नाव, तीन-चार मुलांची नावं, गाइडचं नाव, कॉलेज, मुंबई विद्यापीठ आणि वर्ष. मुलं याला 'ब्लॅक बुक' म्हणतात. शाखा इलेक्ट्रॉनिक्स असो, टेलिकम्युनिकेशन, इलेक्ट्रिकल किंवा कम्प्युटर, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट या काळ्या पुठ्ठ्यांत येऊन संपतो. तो सुरू कुठून झाला, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर इतके कारखाने असताना त्याची वाट ग्रँट रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे का वळली, ते इथे पाहायचं आहे.

आपल्याकडचं अभियांत्रिकी शिक्षण सरकारी बांधकामाच्या गरजेतून आलं. 1854 साली पुण्यात जो इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तो सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसं तयार करायला. 1887 साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, उभं राहिलं. त्यामागे गिरण्या आणि यंत्रशाळा होत्या. या परंपरेत हात काळे करण्याची जागा वर्कशॉपमध्ये होती आणि डिझाइनची जागा ड्रॉइंग बोर्डवर. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी ट्रान्सफॉर्मरचं डिझाइन करायचा म्हणजे सूत्रं लावून गाभ्याचा छेद, गुंडाळ्यांचे फेरे आणि तारेची जाडी काढायचा आणि शीट काढून द्यायचा. तो ट्रान्सफॉर्मर कुणी बांधायचा नाही. कारण तसं करायचं असतं, हे कुणी म्हटलंच नव्हतं.

चार वर्षं शिकलेलं सगळं एकत्र आणून एक वस्तू घडवायची आणि त्यावर मार्क द्यायचे, हा विचार ज्या रूपात आज दिसतो तो बराचसा अमेरिकेत घडला, आणि तोही एका चुकीची भरपाई म्हणून. दुसऱ्या महायुद्धात रडार आणि अणुबॉम्बची मोठी कामं भौतिकशास्त्रज्ञांनी केली, इंजिनिअर मागे पडले, असं तिथल्या शिक्षणतज्ज्ञांना वाटलं. 1955 साली ग्रिंटर समितीच्या अहवालाने अभ्यासक्रमात गणित, विज्ञान आणि अभियांत्रिकीशास्त्राचं वजन वाढवायला सांगितलं. दोन वर्षांनी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि या कलाला आणखी जोर आला. अहवालात डिझाइनचंही म्हणणं होतं, पण कॉलेजांनी उचललं ते विज्ञान. मग उद्योगांची तक्रार सुरू झाली की पोरं समीकरणं सोडवतात, पण त्यांना काही बनवता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने 1963 साली 'क्लिनिक' नावाचा उपक्रम काढला. कंपन्या स्वतःची खरी अडचण घेऊन यायच्या, त्यासाठी कॉलेजला पैसे द्यायच्या आणि विद्यार्थ्यांचा गट त्यावर काम करायचा. पुढे तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेने, एबेटने, मोठं डिझाइनचं काम अभ्यासक्रमात सक्तीचं केलं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या निकषांनी तर कॉलेजात काय शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येतं, हे दाखवायला लावलं.

या कथेत एक गोष्ट महत्त्वाची आहे. तिथे प्रश्न आणला उद्योगाने. आपल्याकडे प्रोजेक्ट आला तो विद्यापीठाच्या परिपत्रकातून.

नवी मुंबईची गोष्ट या ठिकाणी सुरू होते. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली 1962 साली. ठाण्यातलं वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडचा ठाणे-बेलापूर पट्टा ही तिच्या सुरुवातीच्या काळातली मोठी कामं. कळव्याला सीमेन्स, ऐरोलीला भारत बिजली, पुढे महापे-रबाळेपर्यंत रसायनं आणि यंत्रांचे कारखाने. म्हणजे मोटार, ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर बनवणारी देशातली काही मोठी नावं एका रस्त्यावर होती. 1970 साली सिडको आली आणि या रस्त्याच्या शेजारी एक नवं शहर आखू लागली. शहराच्या आराखड्यात शिक्षणसंस्थांसाठी भूखंड होते, पण सरकारी खजिन्यात कॉलेजं काढायला पैसा नव्हता.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं, आणि ते भूखंड भरू लागले. त्याच वर्षीचं रामराव आदिक, 1988 मध्ये ऐरोलीचं दत्ता मेघे, 1991 मध्ये नेरूळचं तेरणा, 1994 मध्ये वाशीचं फादर आग्नेल आणि कोपरखैरण्याचं लोकमान्य टिळक. कर्नाटकात शिकायला जाणारी आणि तिथे देणगी भरणारी मराठी मुलं इथेच थांबू लागली, हा त्या धोरणाचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. खुद्द ठाणे शहरात मात्र ही लाट उशिरा आली. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीचं ए. पी. शाह 2014 चं.

इमारती लवकर उभ्या राहिल्या, प्रयोगशाळाही आल्या. शिक्षक तेवढ्या वेगाने तयार होत नाहीत. बरेच जण नुकतेच बीई होऊन शिकवायला उभे राहिलेले, कारखान्यात एक दिवसही न काढलेले. प्रोजेक्टचा गाइड तोच. तपासायला येणारा 'एक्स्टर्नल' दुसऱ्या कॉलेजातला, त्याच्यासारखाच शिक्षक. विषय सुचवणारा, वाट दाखवणारा आणि मार्क देणारा, तिघेही एकाच वर्तुळातले. ऐरोलीच्या कॉलेजातून कारखान्याचं आवार दिसायचं, पण त्या आवारातला एखादा बिघाड प्रोजेक्टचा विषय म्हणून कॉलेजात यायला रस्ता नव्हता. प्रशिक्षणार्थी कायदा 1961 पासून होता. 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारकही त्यात आले. पण तो कायदा विद्यार्थ्याला कारखान्यात नेतो तो बहुतेक वेळा पदवी हातात पडल्यावर. शिकत असताना नेणारं असं बंधन कारखान्यावरही नव्हतं आणि विद्यापीठावरही. कारखान्यांना दोष देण्यात फारसं तथ्य नाही. चालू लाइनवर चार पोरं कशाला हवीत, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

मग विषय आला कुठून? बाजारातून. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून, ज्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे आणि जे कुणाच्याही तोंडी बसलं नाही. 1992 साली हार्बर लाइन खाडी ओलांडून वाशीला पोहोचली आणि नव्या मुंबईतल्या मुलाला कुर्ल्याला, मग दादरला गाडी बदलून तिथवर जाणं सोपं झालं. त्याआधी बस. काउंटरवर जे मिळेल त्यावर प्रोजेक्ट ठरायचा, हे म्हणणं थोडं कठोर आहे, पण अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचा इतिहास चिपच्या नावांनी लिहिता येतो तो यामुळेच.

ऐंशीच्या दशकात 8085 हा मायक्रोप्रोसेसर होता. षोडशमान पद्धतीच्या कीपॅडवर एकेक बाइट हाताने टाकायचा, आणि वीज गेली की सगळं पुन्हा. मग इंटेलचा 8051 हा मायक्रोकंट्रोलर आला, 1980 सालचा. तो आपल्या अभ्यासक्रमात जितका टिकला तितका क्वचितच दुसरा कुठला भाग टिकला असेल. सुरुवातीला त्याचा प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणाऱ्या मेमरीत, जायचा. चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असायची आणि चुकलेला प्रोग्रॅम पुसायला तिला पंधरा-वीस मिनिटं अतिनील दिव्याखाली ठेवावं लागे. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा दिवा. त्यामुळे मुलं कोड लिहिताना कागदावर दोनदा तपासायची. नव्वदच्या दशकात अ‍ॅटमेलने फ्लॅश मेमरीचा 89सी51 आणला. दिवा गेला आणि विजेनेच पुसता येऊ लागलं. पुढे फिलिप्सचा 89व्ही51आरडी2 आला. तो सर्किटमधून न काढता सिरियल केबलवरून भरता यायचा. सोबत सिरियल जोडणीला मॅक्स232, मोटर चालवायला एल293डी, अक्षरं दाखवायला सोळा बाय दोनचा एलसीडी. एवढ्या सामानात पाण्याच्या टाकीचा इंडिकेटर, रेषेवरून चालणारा रोबो, मोबाइलच्या कीपॅडने चालणारी गाडी आणि आरएफआयडीची हजेरी बसते. आणि वर्षानुवर्षं तेच बसत गेलं. तांब्याच्या थराच्या पाटीवर फेरिक क्लोराइडने पीसीबी, म्हणजे सर्किटचा नकाशा, खोदताना बादली, बोटं आणि हॉस्टेलची फरशी पिवळी-तपकिरी करून घेतलेली एक अख्खी पिढी आज महाप्याच्या आयटी पार्कांत मॅनेजर आहे.

तेच सामान, तेच विषय आणि दर वर्षी नवे ग्राहक, म्हणजे धंदा उभा राहणारच. 'आयईईई प्रोजेक्ट्स'च्या पाट्या लागल्या; आयईईई ही शोधनिबंध छापणारी इंजिनिअरांची जागतिक संस्था. एखादा शोधनिबंध आधाराला, चालू सर्किट, रिपोर्टची फाइल आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतील त्या प्रश्नांची शिकवणी, सगळं एका पॅकेजमध्ये. मुलांचा नाकर्तेपणा म्हणून याची टवाळी खूप होते. माझं मत वेगळं आहे. ज्या प्रोजेक्टची वाट कुणीच पाहत नाही, तो विकत घेण्यात मुलाला काही गैर वाटत नाही. टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला कुणी नसेल तर माणूस फार वेळ बोलत नाही.

2000 नंतर दोन गोष्टी बरोबरीने घडल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या जागी आणि शेजारी आयटी पार्क उभे राहू लागले. महाप्याला मिलेनियम बिझनेस पार्क, ऐरोलीला माइंडस्पेस. 2004 साली ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली आणि कर्मचारी व विद्यार्थी एकाच डब्यात उभे राहू लागले. कॅम्पसमध्ये येणारी कंपनी सॉफ्टवेअरची, त्यामुळे इलेक्ट्रिकलचा मुलगाही प्रोजेक्ट कोडचा मागू लागला. दुसरीकडे 2005 साली इटलीच्या इव्रेआतून अर्दुइनो हा तयार मायक्रोकंट्रोलर बोर्ड निघाला, 2012 मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कम्प्युटर आला. यूएसबी केबल लावा, तयार लायब्ररी उचला, दिवा लुकलुकतो. सोल्डरिंगची कला यात बरीच गेली. मला त्याचं फार दुःख नाही. जे काम महिनाभर तारा शोधण्यात जायचं ते दोन दिवसांत होऊ लागलं, आणि उरलेल्या वेळात विचार करता आला असता. बऱ्याचदा केला गेला नाही, हे वेगळं.

यात वरून एक धक्का बसला तो मानांकनाचा. पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत 2014 च्या जूनमध्ये पूर्ण सदस्य झाला आणि एनबीएचे, म्हणजे आपल्याकडच्या मानांकन मंडळाचे, निकष त्या कराराच्या भाषेत बोलू लागले. अमेरिकेत कंपन्यांच्या तक्रारीतून निघालेली परिणामांची, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता येतं याची, भाषा आपल्याकडे तक्त्यांच्या रूपात पोहोचली. प्रत्येक प्रोजेक्ट कोणत्या परिणामाशी जुळतो, एक ते तीनपैकी किती, हे गाइडने भरायचं. मुंबई विद्यापीठाचे अभ्यासक्रमही त्या वाटेने गेले. 2012 मध्ये श्रेयांक पद्धत आली, 2016 मध्ये ती बदलली, आणि 2019 च्या 'सी स्कीम'ने दुसऱ्या वर्षापासूनच मिनी प्रोजेक्ट सुरू केले. सातव्या सेमिस्टरला मेजर प्रोजेक्ट एक, आठव्याला दोन. हा बदल मला मोलाचा वाटतो. शेवटच्या वर्षी पहिल्यांदाच गट, लॉगबुक आणि रिव्ह्यूला सामोरं जाणारा मुलगा आणि दोन वर्षं लहान-लहान वस्तू बनवून आलेला मुलगा यांच्यात फरक पडतो. एक्स्टर्नलने 'यातलं तुझं काम कोणतं?' विचारल्यावर तो फरक दिसतो.

पहिली तुकडी 'सी स्कीम'मध्ये रुळण्याआधीच कोव्हिड आला. 2020 आणि 2021 मध्ये प्रोजेक्ट प्रोटिअस या सर्किट-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर झाले, व्हायव्हा व्हिडिओ कॉलवर. लॅमिंग्टन रोडवर जाण्याची सवय तिथेच मोडली. सामान कुरिअरने येऊ लागलं. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि रिपोर्टची पहिली तीन प्रकरणं लिहिणं हा प्रश्न उरला नाही. साहित्यचोरीची टक्केवारी मोजणारं सॉफ्टवेअर मात्र अजून प्रत्येक ब्लॅक बुकला लावलं जातं.

विषय बाहेरून येण्याची सोय उशिरा का होईना झाली, तीही सरकारकडून. 2017 साली सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये मंत्रालयं आणि उद्योग आपले प्रश्न मांडतात आणि मुलं त्यातून निवडतात. अनेक गट तोच विषय पुढे नेऊन मेजर प्रोजेक्ट करतात. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमाने एकूण श्रेयांक 160 वर आणले आणि इंटर्नशिप आवश्यक केली. त्यामुळे आता आठव्या सेमिस्टरला गटातली दोन पोरं ऐरोलीच्या किंवा महाप्याच्या ऑफिसात इंटर्न असतात, प्रोजेक्टची मीटिंग शनिवारी होते, आणि गाइडला लॉगबुकवर सह्या एकदम घ्याव्या लागतात. ऑफिसात ते जे काम करतात ते गोपनीय असतं, म्हणून ब्लॅक बुकमध्ये लिहिता येत नाही.