साळिंदर काटे फेकत नाही

‘साळिंदराच्या जवळ जाऊ नकोस, बाणासारखे काटे मारतं!’ असं तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. ही समजूत फार जुनी आहे. ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटलनेही सुमारे 2300 वर्षांपूर्वी तसंच लिहून ठेवलं होतं. पण ते खरं नाही.

साळिंदराचा काटा म्हणजे जाड, कडक झालेला केसच. आपली नखं ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची, त्याचाच तो बनलेला. केस फेकता येतात का? मग काटाही नाही येत.

खरी गंमत पुढे आहे. बिबट्या समोर आला की साळिंदर आधी काटे फुलवतं, पाय आपटतं आणि शेपटीवरचे पोकळ काटे खुळखुळ्यासारखे वाजवतं. एवढ्यानेही तो हटला नाही, तर चक्क पाठ फिरवून उलट्या पावली त्याच्यावर धडकतं! काटे मुळाशी सैल असतात, त्यामुळे ते शत्रूच्या अंगात रुतून तिथेच राहतात. उत्तराखंडातल्या कुमाऊँ भागातल्या मुक्तेश्वरच्या वाघिणीने साळिंदराच्या झटापटीत एक डोळा गमावला होता. प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेटने तिला मारलं, कारण जखमी झाल्यावर ती नरभक्षक बनली होती.

अंग झटकताना सैल काटे गळतात. ‘फेकण्या’चा समज बहुधा त्यावरूनच पसरला. गळलेल्या जागी नवे काटे उगवतात.