चेहरा, संवाद आणि पेत्राची बायको: पडद्यावरच्या बायबलकथांवरून होणाऱ्या भांडणांची पार्श्वभूमी

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी जी पुस्तकं आहेत त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांपैकी मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक छोटासा घरगुती प्रसंग आहे. येशूचा शिष्य पेत्र याची सासू तापाने अंथरुणाला खिळलेली असते. येशू तिचा हात धरून तिला उठवतो, ताप उतरतो आणि ती लगेच पाहुण्यांच्या सरबराईला लागते. दोन-तीन वचनांत विषय संपतो. सासू आहे म्हणजे बायको असणारच. पण तिचं नाव नाही, वय नाही, नवरा जाळी टाकून येशूमागे निघाला तेव्हा ती काय बोलली याबद्दल एक अक्षर नाही. वाचणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही, कॅमेऱ्याचं मात्र अडतं. तो एकदा त्या घरात शिरला की चुलीपाशी कोण बसलंय हे त्याला दाखवावंच लागतं.

'द चोझन' या अमेरिकी मालिकेने त्या बाईला एडन असं नाव दिलं. तिला स्वभाव दिला, नवऱ्याशी भांडणं दिली. तिसऱ्या सीझनमध्ये नवरा येशूच्या कामासाठी बाहेरगावी असताना तिच्या पोटातलं मूल जातं आणि तो परत आल्यावर दोघांमध्ये जो अबोला धरला जातो, तो पाहून असंख्य प्रेक्षक रडले. तेवढ्याच तावातावाने दुसऱ्यांनी विचारलं, की हे बायबलमध्ये कुठे आहे? याच सीझनच्या ट्रेलरमध्ये येशूच्या तोंडी 'मी मोशेचं नियमशास्त्र आहे' अशा अर्थाचं वाक्य होतं. तेही शुभवर्तमानांत नाही. मॉर्मन पंथाच्या ग्रंथातल्या एका वाक्याशी त्याचं साम्य काहींनी हेरलं आणि दिग्दर्शक डॅलस जेन्किन्स यांना खुलासे करत बसावं लागलं. खरं तर पहिल्याच भागाच्या आरंभी पाटी झळकते: काही प्रसंग व संवाद जोडलेले आहेत, मूळ शुभवर्तमानं अवश्य वाचा. पाट्या कोण वाचतं म्हणा.

ही मालिका २०१९ मध्ये आली ती प्रेक्षकांच्याच पैशातून. पहिल्या सीझनसाठी हजारो लोकांनी मिळून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली होती. ज्याने वर्गणी दिली त्याला मांडवात बोलायचा हक्क वाटतो, हे गणेशोत्सव पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये चित्रीकरणाच्या एका व्हिडिओत कॅमेऱ्यावर चिकटवलेला इंद्रधनुषी झेंडा (समलैंगिकांच्या हक्कांचं प्रतीक) दिसला तेव्हाही मोठा गहजब झाला. कथेतल्या एका अक्षराचाही त्याच्याशी संबंध नव्हता.

वाद जुनाच आहे, फक्त त्याचं कारण बदलत गेलंय. सव्वाशे वर्षांपूर्वी प्रश्न संवादांचा नव्हताच. चित्रपट मुका होता. प्रश्न होता चेहऱ्याचा. देवाच्या पुत्राचं सोंग पगारी नटाने घ्यायचं का? १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत येशूच्या दुःखसहनाचं नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा प्रेक्षागृहात काहीजण गुडघे टेकून बसल्याची वर्णनं आहेत. शहराने मात्र नाटकावर बंदी घातली आणि येशूची भूमिका करणारे जेम्स ओनील यांना अटक झाली. १८९९ मध्ये 'बेन-हर' ही कादंबरी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आली ती लेखकाच्या एका अटीवर: ख्रिस्ताची भूमिका कुणीही करायची नाही. मग नाटकवाल्यांनी प्रखर प्रकाशाचा एक झोत सोडला. तो झोत म्हणजेच ख्रिस्त, असं प्रेक्षकांनी मानायचं.

चित्रपटाला मात्र सुरुवातीला पळवाट सापडली. पडद्यावर माणूस नसतो, माणसाची सावली असते. बव्हेरियातल्या ओबरआमरगाऊ गावात १६३४ पासून, प्लेगच्या साथीत केलेल्या नवसापोटी, गावकरी येशूच्या मरणाचं नाटक करत आले आहेत. तिथलंच नाटक टिपून आणलंय अशा जाहिरातीवर १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक चित्रपट दाखवला गेला. तो चित्रित झाला होता न्यूयॉर्कमधल्याच एका इमारतीच्या गच्चीवर, भाड्याचे नट घेऊन. वर्तमानपत्राने भांडं फोडलं, तरी गर्दी हटली नाही. उलट धर्मगुरूंनीच पुढे अशा चित्रपटांची शिफारस केली. रंगमंचावर जे पाप ठरलं ते गच्चीवरच्या चित्रणात चाललं!

इंग्लंडमध्ये हे फार काळ चाललं नाही. १९१२ मध्ये सिडनी ओलकॉट यांनी थेट इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये जाऊन येशूचं चरित्र चित्रित केलं आणि त्यावर लंडनमध्ये वाद पेटला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ब्रिटिश चित्रपट परीक्षण मंडळाने १९१३ पासून काम सुरू केलं तेव्हा त्यांच्याकडे ठाम असे दोनच नियम होते: नग्नता नको आणि ख्रिस्ताची मूर्ती पडद्यावर नको. दोन्ही एका यादीत, शेजारी-शेजारी. मला हे वाचून नेहमी हसू येतं, पण त्यामागची भीती खरी होती. नट उद्या दारूच्या गुत्त्यात दिसला तर?

या सगळ्या काळातली सर्वांत दूरगामी प्रतिक्रिया मात्र ना लंडनमध्ये उमटली ना न्यूयॉर्कमध्ये. ती उमटली मुंबईत. १९१०-११ च्या सुमारास अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' लागला होता. नाताळ होता की ईस्टर, यावर लिहिणाऱ्यांचं आजही एकमत नाही. प्रेक्षकांत धुंडिराज गोविंद फाळके होते. वय चाळिशीचं आणि छापखान्याचा धंदा सुटलेला. पुढे १९१७ मध्ये 'नवयुग'मधल्या लेखमालेत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की डोळ्यांपुढून ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि मनात मात्र राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती. त्यांनी पुन्हा तिकीट काढून तोच खेळ पाहिला. मग पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले.

या प्रतिक्रियेला काय म्हणायचं? फाळक्यांची भक्ती बसली नाही, भावनाही दुखावल्या नाहीत. त्यांना वाटला तो हेवा, आणि त्याच्या जोडीला कारागिराचं कुतूहल: हे यांना जमलं, आपल्याला का नाही? त्यातून ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढत, असं सांगतात. राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांच्याच होत्या, याने कुणाचं काही बिघडलं नाही. इंग्लंडात देवाचा चेहरा दाखवायला बंदी आणि इथे दिसताक्षणी नमस्कार. आपल्याकडे कीर्तन, दशावतार, रामलीला यांनी देवाचं सोंग शतकानुशतकं सवयीचं केलं होतं. सोंग घेतलेल्या पोराच्या पाया पडायला आपल्याला कधी अडचण वाटली नाही.

आणि बायबलची कथा ऐकताना मध्येच प्रश्न विचारणारा श्रोता तरी आपल्याला कुठे नवा होता? गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून झालं. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या मराठी ग्रंथाचं निमित्तच श्रोत्याची तक्रार आहे: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्ही वाचायचं काय? पाद्रीबाबांनी मग ओवीत, पुराणाच्या थाटात, बायबल सांगितलं.

पुन्हा अमेरिकेकडे. १९२७ मध्ये सेसिल बी. डीमिल यांचा 'द किंग ऑफ किंग्ज' आला. नट एच. बी. वॉर्नर सेटवर ये-जा करताना चेहऱ्यावर बुरखा घेत, बंद गाडीतून येत. दिग्दर्शकाखेरीज इतरांनी त्यांच्याशी बोलायचं नाही असा दंडक होता. इतकी सोवळ्याओवळ्याची काळजी घेणाऱ्या याच चित्रपटात मरिया माग्दालेना झेब्रे जुंपलेल्या रथातून आपल्या प्रियकराला शोधायला निघते, आणि तो प्रियकर म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य यहूदा! हे कुठल्या शुभवर्तमानात आहे ते विचारू नका. पण येशूचं पहिलं दर्शन डीमिलनी घडवलंय ते मात्र लाजवाब. एक आंधळी मुलगी. पडदा काळोखा. हळूहळू धूसर उजेड पसरतो आणि त्या उजेडात एक चेहरा स्पष्ट होत जातो. तिला दृष्टी येते तसा तो आपल्यालाही दिसतो. चेहरा दाखवावा की नाही या वादाला इतकं नेमकं उत्तर पुढे कुणाला सुचलं असेल असं मला वाटत नाही.

याच चित्रपटापासून दुसऱ्या बाजूचा प्रेक्षक ठळकपणे पुढे आला. येशूच्या मृत्यूचं खापर ज्यूंवर फोडण्याची परंपरा युरोपातल्या अशा नाटकांमधून पोसली गेली होती आणि नाटक पाहून आलेल्या जमावाने ज्यू वस्तीवर चालून जाणं हेही तिथे घडलेलं होतं. अमेरिकेतल्या ज्यू संघटनांनी निषेध केला, तेव्हा डीमिलना काटछाट करून दोष एकट्या महायाजक कयफाच्या माथी जाईल अशी व्यवस्था करावी लागली. हा धागा थेट २००४ पर्यंत येतो. मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' भस्म बुधवारी, २५ फेब्रुवारीला लागला. संवाद अरामी आणि लॅटिनमध्ये. मत्तयाच्या शुभवर्तमानात जमावाच्या तोंडी एक भयंकर वाक्य आहे, 'याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो.' टीका वाढली तशी गिब्सननी त्या वाक्याची उपशीर्षकं काढली, पण अरामीतला आवाज तसाच ठेवला. म्हणजे वाक्य आहेही आणि नाहीही. चर्चच्या चर्च तिकिटं घाऊक काढून थिएटरात आली. सुमारे तीन कोटी डॉलर खर्चाच्या चित्रपटाने जगभरात साठ कोटींच्या वर कमाई केली. फटक्यांचं दृश्य इतकं लांबलं होतं की पुढच्या वर्षी हिंसा कमी केलेली आवृत्ती काढावी लागली.

न पाहता विरोध करण्याची प्रथा १९७७ मध्ये चांगलीच रुजलेली दिसते. फ्रँको झेफिरेल्ली यांच्या 'जीझस ऑफ नॅझरेथ' या मालिकेतला येशू सामान्य माणसासारखा असेल, असं त्यांच्या मुलाखतीतून ध्वनित झालं आणि अमेरिकेतल्या कडव्या प्रोटेस्टंटांनी प्रक्षेपणाआधीच मोहीम उघडली. प्रायोजक जनरल मोटर्सने अंग काढून घेतलं आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलने स्वस्तात जागा पटकावली. मालिका प्रत्यक्षात इतकी भाविक निघाली की विरोधाला काही अर्थच उरला नाही. रॉबर्ट पॉवेल यांनी त्या भूमिकेत पापण्या जवळजवळ मिटू दिल्या नाहीत. त्या निळ्या डोळ्यांची छायाचित्रं पुढे प्रार्थनेच्या कार्डांवर छापली गेली आणि नटाचा चेहरा देवघरात जाऊन बसला. १८७९ मध्ये ज्या गोष्टीची भीती होती नेमकं तेच झालं, आणि कुणाची हरकत आली नाही.

हरकत आली ती १९८८ मध्ये, मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'वर, आणि ती निदर्शनांवर थांबली नाही. २२ ऑक्टोबरला पॅरिसच्या सेंट-मिशेल थिएटरला आग लावण्यात आली, तेरा जण जखमी झाले. इथे भांडण चेहऱ्याचं नव्हतं, मनाचं होतं: क्रुसावर खिळलेल्या येशूला संसाराचा मोह पडला असेल का?

भारतात मात्र अशा चित्रपटांचा प्रवास थिएटरपेक्षा मैदानांतून जास्त झाला. ए. भीमसिंग दिग्दर्शित तेलुगू 'करुणामयुडू' १९७८ चा, विजयचंदर येशूच्या भूमिकेत. 'दयासागर' या नावाने तो हिंदीत आला आणि प्रोजेक्टर घेऊन फिरणाऱ्या प्रचारकांनी तो गावोगाव दाखवला. लूकच्या शुभवर्तमानावरचा १९७९ चा 'जीझस' तर जगातल्या दोन हजारांहून अधिक भाषांत गेला, मराठी त्यात आहेच. आपल्या भाषेत, आपल्या आवाजात येशू बोलतो हे ऐकणं हाच तिथल्या प्रेक्षकाचा मोठा अनुभव.

बायबलच्या येशूपूर्व भागातल्या, म्हणजे जुन्या करारातल्या कथांवर वेगळ्याच बाजूने आक्षेप येतो. नोहा आणि मोशे इस्लाममध्येही पैगंबर. म्हणून २०१४ मध्ये 'नोआ' कतार, बहरीन, संयुक्त अरब अमिरातीत लागलाच नाही. त्याच वर्षीच्या 'एक्झोडस'वर इजिप्तने बंदी घातली, कारण ज्यूंनी पिरॅमिड बांधले असं त्यात सूचित होतं. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सच्या 'मेरी'त मरियेच्या भूमिकेत इस्रायली अभिनेत्री घेतल्यावर, मरियेला आज कोणत्या देशाची म्हणायची, असा वाद झाला.

बायबलची कथा एक शब्दही न वाढवता पडद्यावर आणून दाखवली ती एका निरीश्वरवादी मार्क्सवाद्याने. इटालियन दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी यांनी १९६४ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान दक्षिण इटलीतल्या मातेरा गावात चित्रित केलं, संवाद सगळे मत्तयाचेच. वयस्क मरिया म्हणून स्वतःच्या आईला उभं केलं. चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केला. व्हेनिसमध्ये त्यावर निदर्शनं झाली आणि कॅथलिक संघटनेचा पुरस्कारही मिळाला. पन्नास वर्षांनी व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्याला ख्रिस्तावरचा सर्वोत्तम चित्रपट म्हटलं. पासोलिनींनी अर्थात पेत्राच्या घरात डोकावायचं टाळलं.

त्या घरातल्या बाईचा आणखी एक उल्लेख बायबलमध्ये आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, नवव्या अध्यायात, आद्य धर्मप्रचारक पौल स्वतःच्या हक्कांविषयी वाद घालताना जाता जाता विचारतो, की इतर प्रेषितांसारखं, केफासारखं, आम्हालाही बायकोला बरोबर घेऊन फिरायचा अधिकार नाही का? केफा म्हणजे पेत्र. म्हणजे ती नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडत होती. नाव मात्र पौलानेही लिहिलेलं नाही.